मुनेश्वर मॅडमच्या हातची जेली

आमच्या स्टाफरूममध्ये मुनेश्वर मॅडमच्या कॉफीला तोंडावर 'नको' कोणीच म्हणत नसे. कोणाला ॲसिडिटी होती, कोणी आत्ताच चहा घेऊन आलेलं असे, कोणाचा नेमका त्या दिवशी उपवास निघे. आदिलाबादकडच्या इचोड्याच्या आमच्या मराठी शाळेत मॅडम सोडून मास्तर-मास्तरणी मिळून आम्ही पंधरा जण, आणि अकराच्या सुट्टीत सगळ्यांची पोटं एकदम नाजूक होत. मॅडम प्रत्येकाला विचारत, प्रत्येकाचं कारण नीट ऐकून घेत, मग स्टीलच्या पेल्यात काळी कॉफी ओतून खिडकीशी बसत. इतकी वर्षं त्यांनी विचारणं सोडलं नाही. आता वाटतं, त्या कॉफीला विचारतच नव्हत्या, आमची हजेरी घेत होत्या.

मॅडम शास्त्र शिकवत. उंच बांधा, सुती साडी, पदराला दोन पिना, आणि चेहरा असा की नव्या माणसाला वाटावं आपलं काहीतरी चुकलंय. बहुतेकदा चुकलेलंच असे. 'थोडं', 'जरासं', 'बरंच' या शब्दांशी त्यांचं वैर होतं. पोरगं म्हणालं, "मॅडम, जरासा उशीर झाला," की त्या विचारत, "जरासा म्हंजे किती मिन्टं?" हेडमास्तर एकदा म्हणाले, "मॅडम, थोडं ॲडजस्ट करून घ्या." मॅडम वही उघडून पेन घेऊन उभ्या राहिल्या. "किती करू, सर? सांगा, लिहून घेते." हेडमास्तरांनी टाइमटेबल बदललं.

त्या आल्या तेव्हा प्रयोगशाळेचं कपाट कुलपात होतं. काचेचं सामान फुटलं तर स्टॉक रजिस्टरात लिहावं लागतं, मग उटनूरच्या साहेबांना उत्तर द्यावं लागतं, म्हणून कोणी कुलूप काढतच नसे. मुलं फळ्यावर काढलेले बीकर बघून पास होत. मॅडमनी पहिल्या आठवड्यात किल्ली मागून घेतली, वर्गासमोर एक बीकर फरशीवर सोडून दिला, तुकडे झाडूने गोळा केले आणि रजिस्टरात लिहिलं: एक बीकर, माझ्या हातून फुटला. खाली दस्तखत. मग मुलांना म्हणाल्या, "झालं? फुटला त काय होते ते पाह्यलं? आता भेऊ नका." त्यानंतर त्या वर्गाने वर्षभरात एकही बीकर फोडला नाही. हे मला त्या वर्गातल्या एका मुलानेच सांगितलं. तो आता आदिलाबादला औषधाचं दुकान चालवतो.

मी मराठी शिकवायला आले ती त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी. माझं माहेर बाजारहत्नूरकडचं, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्यांचं. मॅडमचे वडील त्याच भागात एका शेतकऱ्याकडे सालगडी होते. हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं. गावाचं नाव, मालकाचं आडनाव, सगळं. आणि वर म्हणाल्या, "तुमच्याच भावकीतले असन." होते. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ. मी म्हणाले, "नाही हो, ते वेगळे." मॅडम माझ्याकडे बघून हसल्या, आणि मला कॉफी विचारली. मी घेतली. ओशाळून घेतली असेल, पण घेतली. तेव्हापासून खिडकीशी दोन पेले दिसू लागले.

कॉफी कसली, काढाच तो. मी साखर मागितली तर म्हणाल्या, "साखर टाकायची असन त चहा पे न. कॉफीची काऊन बदनामी करतं?" आमच्या भागात कॉफी पिणारं माणूस तसं दुर्मिळच. मॅडमना तो नाद बी.एड.ला वरंगलला असताना लागला, तेलुगू मैत्रिणींच्या खोलीवर. त्या दिवसांबद्दल त्या फार बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "त्या पोरी माह्या ताटातलं उचलून खायच्या. तवा मले काई विशेष वाटलं नाई. इकडे आली आन् मंग समजलं."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते प्रश्नपत्रिका तपासायच्या निमित्ताने. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, नवरा कधीच वारलेला, मुलगी हैदराबादला एका हॉटेलच्या किचनात नोकरीला. ओट्यावर मॅडमनी एक मोजायचा ग्लास, एक लहान वजनकाटा आणि सपाट स्टीलचं ताट मांडलं होतं. मला वाटलं, प्रयोगच चाललाय.

"कॉफीची जेली करून राह्यली. पोरीनं शिकवली. बस, पण हात नको लावू."

त्यांनी वाटीत गार पाणी घेतलं आणि त्यावर जिलेटिनची पूड चिमटीने शिंपडली. ओतली की गुठळ्या होतात, म्हणाल्या. दहा मिनिटं पूड फुगू दिली. तोवर कडक कॉफी केली, आणि या वेळी तीत चक्क साखर घातली, मी भुवया उंचावल्या तर म्हणाल्या, "ही प्यायची नाई, खायाची हाय." कॉफी खाली उतरवून उकळी पूर्ण बसल्यावर त्यांनी फुगलेलं जिलेटिन तीत सोडलं आणि अगदी हळू ढवळलं. "जिलेटिन उकळलं त त्याची पकड जाते. मंग ते धरतच नाई." ते पाणी ताटात ओतलं, वर आलेले बुडबुडे चमच्याच्या टोकाने एकेक करून फोडले आणि ताट फ्रीजमध्ये गेलं. चार तास. मध्येच उघडून पाहायला बंदी.

आम्ही पेपर तपासले. चार तासांनी त्यांनी सुरी गरम पाण्यात बुडवून ताटात उभ्या-आडव्या रेघा मारल्या. काळे, चकचकीत, थरथरणारे चौकोन. वाटीत घालून वर आटवून गार केलेलं दूध ओतलं. मी चमचा तोंडात घातला. आधी दूध गोड लागलं, मग खालची कॉफी जिभेवर वितळली आणि कडू झालं. मॅडम माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"कडू हाय न?"

"हो. पण छान आहे, ताई."

शाळेत मी त्यांना मॅडम म्हणे, घरात ताई. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, आठवत नाही. त्या दिवशी मी तीन वाट्या खाल्ल्या आणि घरी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं की शाळेतच उशीर झाला. सासूबाई वाईट नाहीत. मॅडम घरी आल्या तर खुर्ची देतात, हसून बोलतात, पेरू देतात. शाळेतल्या पेलाभर कॉफीकडे काणाडोळाही करतात. फक्त त्यांच्या घरी 'आपण' काही खात नाही, एवढंच. मी तिथे दर महिन्याला जेली खात होते आणि दर महिन्याला शाळेत उशीर होत होता.

आता शाळेच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे सगळ्या स्टाफचं एकत्र जेवण वर्षातून दोन-तीनदा होई. कोणी काय आणायचं याची यादी गणिताचे कदम सर करत. कदम सर आमच्या ह्यांचे मामेभाऊ. माणूस हौशी, जेवणावळीत पुढे. कोणाकडे वांग्याची भाजी, कोणाकडे भाकरी, कोणाकडे शिरा. मुनेश्वर मॅडमकडे दर वेळी केळी आणि पाण्याचे कॅन. मला वाटायचं, एकट्या बाईला त्रास नको म्हणून. यामागचं खरं कारण लक्षात यायला मला चार वर्षं लागली, यावरून माझी हुशारी ओळखा. एकदा मी मॅडमना विचारलं, "तुम्ही बोलत का नाही?" त्या म्हणाल्या, "काय बोलू? केळ्याले साल असते. सालीच्या आतलं त्याइले चालते." आणि पुढच्या वेळीही त्यांनी केळीच आणली. निवडून, एकसारखी, एकही डाग नसलेली.

पण एक रिवाज कदम सरांच्या यादीत बसत नव्हता. जो रिटायर होईल त्याने निरोपाच्या दिवशी घरी गोड करून आणायचं आणि स्वतःच्या हाताने प्रत्येकाला द्यायचं. ड्रिलच्या सरांनी बुंदीचे लाडू दिले होते, आधीच्या हेडमास्तरांनी पुरणपोळ्या. जाणाऱ्या माणसाच्या हातचं 'नको' म्हणायचं नाही, असं सगळे मानत. मॅडमच्या रिटायरमेंटला वर्ष राहिलं तेव्हापासून त्या याच गोष्टीबद्दल बोलू लागल्या. पेन्शनचे कागद, उटनूरला बांधलेलं घर, कशाचंच त्यांना एवढं नव्हतं. एका दुपारी खिडकीशी बसून मला म्हणाल्या, "संध्या, इतके वर्सं यायच्यासंगं काढले. एक डाव, एकच डाव, सगळ्याइनं माह्या हातचं खाल्लं पायजे. मंग मी जाते." मॅडमनी माझ्यासमोर काही मागितलं ते तेवढंच.

मी म्हटलं, लाडू करा, सोपं पडेल. त्या म्हणाल्या, लाडू सगळेच करतात. "मले जे चांगलं येते ते देईन."

निरोप एप्रिलमध्ये, शाळा सुटायच्या आदल्या दिवशी. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ओट्यावर जिलेटिनचा डबा नव्हता. त्याच्याऐवजी चायना ग्रासच्या पांढऱ्या, सुतासारख्या लडी होत्या. मी विचारलं, हे काय? मॅडम म्हणाल्या, "एक त ऊन. जिलेटिन इचोड्याच्या उन्हात शाळेत जाईपर्यंत पाणी होईन. आन् दुसरं, विजयलक्ष्मी मॅडम." विजयलक्ष्मी मॅडम तेलुगूच्या, पक्क्या शाकाहारी, केकमध्ये अंडं आहे का हे दोनदा विचारून मग खाणाऱ्या. "जिलेटिन जनावराच्या हाडाकातड्याचं असते. तिच्या पोटात तिले न सांगता काई जाऊ नाई. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळाचं. ते सगळ्याइले चालते."

चायना ग्रास मात्र उकळावं लागतं, पार विरघळेपर्यंत. ते मी माझ्या हाताने ढवळलं, दहा मिनिटं, मॅडम घड्याळ लावून शेजारी उभ्या. कॉफीचं, दुधाचं, साखरेचं माप त्यांनी तीनदा मोजलं. पंधरा माणसांचं माप, दुसरं काय. मी चाखून पाहिलं. जिभेवर वितळत नव्हतं, दाताने तुटत होतं, पण चांगलं होतं. घरी जाऊन मी सांगितलं की निरोपाची सजावट करत होतो.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डब्यातून त्या ते घेऊन आल्या. हार झाले, भाषणं झाली, 'मॅडम शिस्तीच्या' हे सहा जणांनी सहा प्रकारे सांगितलं. मग मॅडम उठल्या, वाट्या भरल्या, आणि एकेकाच्या हातात देत गेल्या. पंधराव्या खुर्चीपर्यंत कोणाला ॲसिडिटी आठवली नाही. सगळ्यांच्या हातात वाटी होती, चमचे उचलले जात होते. मी मॅडमचा चेहरा बघत होते. त्या हसत नव्हत्या, फक्त बघत होत्या.

तेवढ्यात कदम सर म्हणाले, "मॅडम, हे जेली हाय न? जेली त जिलेटिनची असते." आणि मोबाईल पुढे धरून त्यांनी मोठ्याने वाचलं. हाडं. कातडं. जनावराचं. वाचून झाल्यावर वाटी खाली ठेवली. त्यांच्या शेजारच्यानेही ठेवली. स्टीलच्या वाट्या टेबलावर टेकल्याचे आवाज येत राहिले.

विजयलक्ष्मी मॅडम घाबरून हिंदीत विचारू लागल्या, "मॅडम, सच में है क्या?"

"नाई," मुनेश्वर मॅडम म्हणाल्या. शांतपणे, वर्गात सांगावं तसं. "चायना ग्रास हाय. शेवाळाचं. मीनं मुद्दाम बदललं."

कदम सर हसले. "मॅडम, तुमच्यात चालत असन, त्याचं काई नाई. तुमाले पयलेपासून सवय हाय. आमाले नाई चालत." दर रविवारी कदम सरांच्या घरी मटण शिजतं, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मॅडमच्या आजोबांना गावाची मेलेली ढोरं ओढावी लागत, हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि 'पयलेपासून' म्हणजे काय ते न समजण्याइतकं कोणी लहान नव्हतं.

"कदम सर," मॅडम म्हणाल्या, "तुमी रोज सकाळी ॲसिडिटीची कॅप्सूल घेता. तिचं टरफल जिलेटिनचं असते. माह्या कॉफीले नाई म्हणता, ती मात्र गिळता, आन् मी कदी बोलली नाई."

"औषधाची गोष्ट वेगळी असते."

मॅडमनी मग मान वळवली. "संध्या, तू सांग. काल तूच ढवळलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कदम सरही. त्यांची नजर मला ओळखीची होती; लग्नात, बारशात, सासूबाईंच्या शेजारी बसून ते असेच बघतात. काल संध्याकाळी मी सजावट करत होते. दर महिन्याला शाळेत मला उशीर होत होता. एवढं सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि मी म्हणाले, "मला नाही माहीत, मॅडम. मी कुठे होते?"

मी बहाणा केला असता तरी चाललं असतं. घसा बसलाय म्हटलं असतं. पण मी सरळ खोटं बोलले, तेही त्यांच्या तोंडावर, आणि खोटं त्यांनाच पाडलं.

मॅडमनी पंधराही वाट्या गोळा केल्या, माझीसुद्धा. ती भरलेलीच होती. एक वाटी हातात घेऊन, उभ्यानेच, चमच्याचमच्याने त्यांनी ती पूर्ण संपवली. सगळ्यांसमोर, घाई न करता. मग तोंड पुसलं, हेडमास्तरांना विचारलं, "सर, सही कुठी करायची?" रजिस्टरात सही केली आणि बर्फाचा डबा उचलून गेल्या. कोणी फाटकापर्यंत पोचवायलाही गेलं नाही. नंतर केळी वाटली. या वेळी ती कदम सरांनी आणली होती.

मला त्यांच्या उटनूरच्या घरी जायला दीड वर्ष लागलं. रोज वाटे, उद्या जाऊ. शेवटी उटनूरला ऑफिसात एक दरखास्त द्यायची होती, ते निमित्त झालं. भर दुपारी दार वाजवलं. मॅडमनी दार उघडलं, ओळखलं, "ये," म्हणाल्या. मला खुर्ची दिली. फोन उचलून कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक चहा सांगितला. आतून ज्वारीच्या भाकरीचा वास येत होता.

"चहा कशाला मागवता, ताई? घरचंच काही..."

"येते आता. चांगला करते तो."

हॉटेलवाला स्वतः आला, कागदी कपात चहा ओतून गेला. मी तो हातात धरून बसले, आणि मग जे बोलायला आले होते ते बोलले. "ताई, मी त्या दिवशी खोटं बोलले."

"मले माईत हाय. मी होती न तिथी."

"तुम्ही रागावलात."

"नाई." त्यांनी खरंच थोडा विचार केला. "तूनं घरी काय सांगतलं असन, ते मले तवाच समजलं. तुले अडचणीत टाकाले नोको होतं मीनं. माहं चुकलं."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, पाणी विचारलं नाही. मी म्हणाले, "मला एकदा तुमच्या हातची कॉफी द्या. आता कोणाला काय सांगायचं ते मी बघून घेईन."

"नाई, संध्या. आता मी कोणाले खाऊ घालून पाहत नाई." आवाजात कसलीच धार नव्हती, तेच वाईट होतं. "लय वर्सं पाह्यलं."

वरच्या खोल्यांत दोन नर्सबाया भाड्याने राहत होत्या, जवळच्या गोंड पाड्यांतल्या. ड्यूटी संपवून त्या त्याच वेळी आल्या, चपला काढल्या, "आक्का, भूक लागली," म्हणत मला ओलांडून थेट आत गेल्या आणि चुलीपाशी फतकल मारून बसल्या. एकीने टोपलीतली भाकरी स्वतःच काढून घेतली. मॅडम त्यांच्यावर ओरडल्या नाहीत, माप विचारलं नाही. उठता उठता त्यांनी माझ्या कपाकडे पाहिलं.

"झाला?"

"झाला."

त्यांनी माझ्या हातातून तो कागदी कप घेतला, दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि त्या दोघींना वाढायला आत गेल्या.